कामाच्या दिवशीचा पास्ता

दिवसभराची नोकरी आटोपून रात्री आठच्या सुमारास घरी परतणारी आणि मुलांच्या आग्रहाखातर पास्ता शिजविणारी अनेक मंडळी मजपाशी तक्रार करतात की, स्वयंपाकात तास मोडतो आणि अंथरुणावर पडताच छातीत जळजळू लागते. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. लोण्यात मैदा परतून केलेला दाट पांढरा रस्सा, त्यात क्रीम आणि वर चीजचा थर, असा सारा सरंजाम मांडला म्हणजे जेवावयास दहा वाजतात, स्निग्धांशाने जड झालेले अन्न जठरात रेंगाळते, आणि जेवण व निद्रा यांमध्ये जे दोन-तीन तासांचे अंतर असावे ते उरतच नाही.

ज्या इटलीत हा पदार्थ नित्याचा आहे, तेथील सामान्य घरांत रोजच्या रात्री इतका थाट कोणी करीत नाही. नेपल्सकडील पद्धत पाहा: एकीकडे स्पॅगेटी उकळत असतानाच दुसरीकडे ऑलिव्ह तेलात लसणाच्या पातळ चकत्या व सुकी मिरची अगदी मंद आचेवर ठेवावी, आणि लसूण सोनेरी होताच, तो करपून कडू होण्यापूर्वी, स्पॅगेटीच्या पाण्याची एक पळी त्यात ओतून वर स्पॅगेटी घालून जोराने ढवळावे. त्या पाण्यात उतरलेले पिष्ट तेलाला धरून ठेवते, आणि पाहता पाहता प्रत्येक तारेवर तकतकीत, दाटसर रस चढतो. क्रीमची गरजच उरत नाही आणि पाव तासात पाने मांडता येतात. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी यातून मिरची वगळावी व लसूण बेताचा ठेवावा.

मधुमेही रुग्णांना पास्त्याची सरसकट मनाई करणे मला रास्त वाटत नाही. उत्तम सुका पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचा असतो (इटलीत १९६७ च्या कायद्याने तो बंधनकारकच केला आहे, आपल्याकडील बन्सी गहू याच जातीचा), आणि त्यातील पिष्टकण प्रथिनांच्या घट्ट जाळ्यात अडकलेले असल्यामुळे रक्तातील साखर मैद्याच्या पावाच्या मानाने सावकाश चढते. मात्र तो लगदा होईपर्यंत शिजविला तर हा लाभ बराचसा दवडला जातो. दाताखाली किंचित कणखर लागेल तेव्हाच उतरवावा. माणशी ८० ग्रॅम सुका पास्ता हे तिकडचे प्रमाण आहे. मधुमेह्यांनी ५० ग्रॅम घेऊन उरलेली जागा काबुली चण्यांनी भरावी. चणे व पास्ता एकत्र शिजविण्याचा रिवाज रोममध्ये जुनाच आहे, आणि सकाळी कामावर जाताना चणे भिजत घातले तर रात्री कुकरमध्ये ते शिजावयास फार वेळ लागत नाही. ज्यांना गव्हातील ग्लूटेन मुळीच सोसत नाही, त्यांनी मात्र यातील काहीही करू नये.

मिठाविषयी विशेष सावधगिरी हवी. एक लिटर पाण्यास १० ग्रॅम मीठ हा इटालियन दस्तूर. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा सबंध दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे. बहुतेक मीठ निथळलेल्या पाण्याबरोबर जाते हे खरे, परंतु त्याच पाण्याची पळी आपण रसात ओततो, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी पाण्यात निम्म्याहून कमी मीठ घालावे आणि वरून पुन्हा घालू नये.

घाईच्या दिवसांत दोन वेळचा पास्ता एकदाच करून ठेवण्याचा मोह होतो. तो करावा, पण भांडे रात्रभर ओट्यावर राहता कामा नये. ब्रुसेल्समध्ये २००८ साली एका तरुण विद्यार्थ्याने पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि त्यातच त्याचा अंत झाला. बॅसिलस सेरियस या जंतूंनी निर्माण केलेले विष पुन्हा तापविल्याने नष्ट होत नाही. यास्तव उरलेला पास्ता उथळ भांड्यात पसरून दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. त्याहून अधिक राहिल्यास, वास चांगला येत असला तरी, टाकून द्यावा.