पाणी पी गं, लाजू नकोस

पोलीस भरतीच्या आठशे मीटरसाठी पहाटे उठून मैदान गाठणारी तू, आता ठाण्याचा जिना चढताना धाप लागते म्हणतेस. घाबरू नकोस, बहुतेकींचं हेच होतं. आपली ड्यूटी अंगाला हलवत नाही बघ, नुसती उभी करून ठेवते. महिलांना आठ तासांची ड्यूटी असा आदेश 2022 मध्ये निघाला खरा, पण सणावाराला घड्याळ कोण बघतंय!

खरं सांगू का, मला तुझ्या पळण्यापेक्षा तुझ्या पाण्याची काळजी आहे. बंदोबस्त म्हटला की आपण सकाळपासून पाण्याला तोंड लावत नाही, कारण पॉइंटवर जायचं कुठे? विसर्जनाची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. घाम गाळायचा, पाणी टाळायचं आणि लघवी तुंबवायची. मग जळजळ सुरू झाली की ‘उष्णता झाली’ म्हणत सब्जा भिजवायचा. मीही वाट्याच्या वाट्या सब्जा प्यायलेय! सब्ज्याने जंतू मरत नाहीत गं. जळजळ झाली की लघवी तपासून घे. सोबत थंडी-ताप आणि पाठीत कळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ, सुट्टीची वाट बघू नकोस.

म्हणून पॉइंटवर पोचलीस की आधी जागा हेरून ठेव. बँक, दवाखाना, शाळा, नाहीतर समोरचं घर. बेल वाजव आणि सरळ सांग, “काकू, जरा बाथरूमला जायचंय.” गणवेशातल्या पोरीला सहसा कुणी नाही म्हणत नाही, वर चहाही मिळतो. जोडीदारणीशी आळीपाळी ठरवून घे, म्हणजे पॉइंट रिकामा राहणार नाही. आणि पॅड लॉकरमध्ये नाही, जवळच्या बॅगेत हवेत.

उभ्या उभ्या टाचा उचल-टेक करत राहा. पोटऱ्या हलल्या की पायात साचलेलं रक्त वर ढकललं जातं, नाहीतर पुढे शिरा फुगतात. बूट संध्याकाळी घालून बघून घे, तेव्हा पाय सुजलेले असतात.

खाण्याचं फार काही सांगत नाही. पाकिटातली पुरीभाजी कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा खिशात फुटाणे आणि डब्यात पोळीची गुंडाळी असू दे. नाइट करून आलीस की आधी झोप. पडदे ओढ, फोन बंद कर. घरचे कुरकुरतील, कुरकुरू देत. एक दिवस त्यांनी पोळ्या लाटल्या तर काही बिघडत नाही.

पळायचं म्हणशील तर साप्ताहिक सुट्टीला आधी नुसती चाल. मैदान कुठे पळून जात नाही. आणि धाप लागतेय ना, म्हणून येत्या सुट्टीत हिमोग्लोबिन तपासून घे, टाळाटाळ नको. रिपोर्टचा फोटो संध्याकाळपर्यंत मला पाठव.