हिमांत सांपडलेलें कुटुंब
(सायंकाळच्या वर्गासाठीं पाठ)

आपल्या गांवीं हिम पडत नाहीं; परंतु संकटांत घर कशानें टिकतें हा प्रश्न आपणां सर्वांचा आहे. म्हणून अमेरिकेंत घडलेली ही खरी हकीकत लक्ष देऊन वाचावी.

वृत्तांत.— इ. स. १८४६ च्या एप्रिल महिन्यांत जेम्स रीड नांवाचा गृहस्थ पत्नी मार्गरेट व चार मुलें यांसह इलिनॉय प्रांतांतून बैलगाड्यांनीं कॅलिफोर्नियास निघाला. पुढें त्या तांड्यांत ८७ माणसें झालीं. हेस्टिंग्ज नांवाच्या मनुष्यानें पुस्तकांत एक जवळची वाट सुचविली होती. क्लायमन नांवाच्या अनुभवी प्रवाशानें सावध केलें, तरी रीडनें ऐकिलें नाहीं. डोंगरांत झाडें तोडून रस्ता करावा लागला, मिठाच्या वाळवंटांत बैल गमावले, आणि मोलाचे दिवस गेले.

ऑक्टोबरांत भांडण होऊन रीडच्या हातून एक गाडीवान मारला गेला. तांड्यानें रीडला हांकून दिलें. नोव्हेंबरच्या आरंभीं त्याचीं बायकामुलें सिएरा नेवाडा पर्वतांत एका सरोवराजवळ हिमांत अडकलीं.

मार्गरेटबाईनें पुढें दुप्पट परत देण्याच्या वचनावर इतरांकडून बैल घेतले. ते संपल्यावर छपरावरचीं कातडीं उकळून तो चिकट रस मुलांस पाजला. तरीही तिनें थोड्या शेंगांचे दाणे, वाळलेलीं सफरचंदें व मांसाचा तुकडा लपवून ठेविला होता. नाताळच्या दिवशीं तें शिजवून तिनें मुलांस जेवूं घातलें. छप्पर गेल्यावर ब्रीन नांवाच्या कुटुंबानें त्यांस आसरा दिला.

इकडे रीड मदत घेऊन परतला, परंतु हिमानें वाट अडविली. त्यानें पुन्हां प्रयत्न केला. फेब्रुवारी १८४७ मध्यें सुटकेची पहिली तुकडी आली, तिच्याबरोबर मार्गरेट निघाली. पण ८ वर्षांची पॅटी व ३ वर्षांचा थॉमस यांस चालवेना, म्हणून त्यांस मागें ठेवावें लागलें. २७ फेब्रुवारीस दुसरी तुकडी घेऊन येणारा रीड वाटेंत पत्नीस भेटला, आणि १ मार्चला त्यानें तीं दोन्ही मुलें जिवंत गांठलीं. तांड्यांतील सुमारें ४० माणसें मेलीं. रीडच्या घरचीं सहाही वांचलीं.

बोध.—
(१) न पाहिलेली जवळची वाट बहुधा लांबची ठरते. सावकाराचा सोपा कागदही तशीच वाट होय.
(२) क्षणाच्या रागानें एकाचा प्राण गेला आणि एका घराचा आधार तुटला. रीडनें पुढें मुलें वांचविलीं, म्हणून तो अपराध लहान होत नाहीं.
(३) मूठभर राखून ठेवणारा हात घर तारतो.
(४) कोणतेंही घर एकट्याच्या बळावर वांचत नाहीं. ब्रीन यांनीं दार उघडलें नसतें, तर रीड कोणास भेटला असता?

प्रश्न.— रीडनें कोणाचा सल्ला मोडला? मार्गरेटनें काय राखून ठेविलें, व कशासाठीं? आपल्या वस्तींत या पावसाळ्यांत कोणाचें छप्पर गेलें आहे, आणि त्यास कोणी आसरा दिला काय? शेवटल्या प्रश्नाचें उत्तर शब्दांनीं देऊं नये.