अंत्ययात्रेस जाताना

परिचिताच्या घरी मृत्यू झाल्याचे कळताच न बोलावता जावे, ही आपली जुनी रीत आहे. तेथे काय घडते हे आधी ठाऊक असले म्हणजे मन गोंधळत नाही.

प्रांतपरत्वे व कुलपरत्वे विधी भिन्न असतात. महाराष्ट्रात बहुधा कर्ता पुरुष अग्नीचे मडके घेऊन तिरडीच्या पुढे चालतो. वाटेत विसाव्याच्या जागी तिरडी खाली ठेवून खांदे बदलतात. स्मशानात कर्ता पाण्याचा घट खांद्यावर घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या घालतो. दर फेरीस दगडाने घटास छिद्र पाडतात आणि शेवटी तो घट मागे टाकून फोडतात. त्या क्षणी धीराचा मनुष्यही ढासळतो. आपण जवळ उभे राहावे. कपालमोक्ष होईपर्यंत थांबावे. घरी परतल्यावर स्नान करावे.

बोलावे काय? आत्म्याच्या अमरत्वाचा श्लोक अनेकांच्या ओठांवर तत्काळ येतो. पण गीतेचाच क्रम पाहावा. पहिल्या अध्यायात अर्जुन शोक करीत असता भगवंत त्याचे बोलणे मध्येच तोडत नाहीत. दुसऱ्याच्या आरंभी दोनच श्लोकांत ते त्यास सावध करतात. 7 व्या श्लोकात अर्जुन शिष्यभावाने शरण येतो. आत्मज्ञानाचा उपदेश सुरू होतो तो 11 व्या श्लोकापासून.

म्हणून ते ज्ञान स्मशानात प्रथम स्वतःच्याच मनास सांगावे. शोकाकुलाने विचारले, तरच त्याला. तेराव्यानंतर माणसे पांगतात व घर रिते होते. त्या दिवसांत पुन्हा त्या दारी जावे.