गवळाऊ गोवंश आणि पंचगव्य घृत

चरकसंहितेतील अपस्मारचिकित्सेत आलेले पंचगव्य घृत आपण योजतो. मात्र त्यातील गव्य द्रव्ये कोणत्या गायीची, हे क्वचितच विचारले जाते. वर्धा जिल्ह्याचा स्वतःचा गोवंश गवळाऊ होय. आर्वी-कारंजा भागातील ही पांढरी-करडी, सडपातळ, चपळ जात मुख्यतः ओढकामाची. एका वेतात दूध सुमारे 600 किलोच. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, दुधासाठी संकरित गायी आल्या, आणि गवळाऊ दोन्हीकडून मागे पडली.

जमनालाल बजाज यांनी 1941 मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ उभारला. हेटीकुंडीचे शासकीय प्रक्षेत्र याच वंशाच्या पैदाशीसाठी आहे. परंतु प्रक्षेत्र वळू देईल. गाय टिकते ती गोपालकाच्या दारी.

चरकसंहितेत गवळाऊच्या दुधाचे वेगळे गुण सांगितलेले नाहीत, तेव्हा तसा दावा वेष्टनावर करू नये. तथापि या घृतास दूध, दही, तुपाबरोबर गोमूत्र व गोमयरसही समभाग लागतो. म्हणजे कमी दुधाच्या गायीचेही मोल होते. गोमयरस तर ताजाच हवा, म्हणून गाय जवळची असणे सोयीचेच. औषधशाळांनी गोपालकाशी वर्षभराचा भाव ठरवून ही द्रव्ये थेट घ्यावीत आणि निर्मितीच्या नोंदवहीत गायीची जात व संकलनाची तारीख लिहावी.