दुसऱ्याचे कर्ज, आपला दूरध्वनी

ज्याने कधी कर्ज काढले नाही, त्याच्याही भ्रमणध्वनीवर वसुली प्रतिनिधींचा तगादा सुरू होतो. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांच्या अवधीनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. बँकेच्या दप्तरी मात्र तो जुन्याच धारकाच्या नावे राहतो. क्रमांक आपल्याकडे आला म्हणून कर्ज आपल्याकडे येत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाद्वारे वसुलीसाठी कोणत्याही व्यक्तीस धाकदपटशा दाखविण्यास वा तिचा छळ करण्यास मनाई केली. म्हणजे हे संरक्षण केवळ कर्जदारापुरते नाही. प्रतिनिधींच्या वर्तनाची अंतिम जबाबदारीही कर्ज देणाऱ्या संस्थेवरच ठेवण्यात आली.

दूरध्वनी आल्यास संस्थेचे व प्रतिनिधीचे नाव, तारीख आणि वेळ टिपून ठेवावी. आधार क्रमांक, जन्मतारीख वा ओटीपी सांगू नये. त्रास टळावा म्हणून एक रुपयाही भरू नये. त्यानंतर संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. क्रमांक आपल्याकडे कधीपासून आहे ते नमूद करून तो दप्तरातून वगळण्याची मागणी करावी व पोच घ्यावी. ३० दिवसांत दखल न घेतली गेल्यास पुढील तक्रारीचे मार्गदर्शन रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर मिळते. धमकी आल्यास मात्र वाट न पाहता पोलीस ठाणे गाठावे.

अनेकांना अर्ज लिहिता येत नाही. म्हणून ते भीतीपोटी गप्प बसतात. शिक्षक व पंचायत सदस्यांनी त्यांना एवढा एक अर्ज लिहून दिला, तरी मोठे साह्य होईल.