शुद्धिपत्राचे अर्थशास्त्र

छापील ग्रंथातील चूक पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राहते. महाजालावरील लेखातील चूक मात्र काही क्षणांत दुरुस्त करता येते. असे असूनही तंत्रज्ञानविषयक ऑनलाइन लेखांत मुद्रणदोष दीर्घकाळ टिकून राहतात. दुरुस्तीचा खर्च नगण्य झाला असताना असे का घडते, हा प्रश्न भाषाशुद्धीइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

चुकीची किंमत

सर्वसाधारण लेखात एखादी वेलांटी चुकली तरी वाचक संदर्भावरून अर्थ लावून घेतो. तांत्रिक लेखात ही सोय नसते. संगणकाला द्यावयाच्या आज्ञेतील एक चिन्ह बदलले, तर ती आज्ञा निष्फळ ठरते किंवा भलतेच काम करते. मेगाबिट आणि मेगाबाइट यांच्या लेखनात एका अक्षराचा फरक असला, तरी परिमाणात आठपटींचा फरक पडतो.

आकडेवारीतील चूक तर धोरणापर्यंत पोहोचू शकते. जानेवारी २०१२ मधील औद्योगिक उत्पादनाची वाढ प्रथम ६.८ टक्के जाहीर झाली होती. साखर उत्पादनाचा आकडा ५८.०९ लाख टनांऐवजी १३४.०८ लाख टन धरला गेल्याचे नंतर आढळले आणि सुधारित वाढ १.१ टक्का ठरली. एका वस्तूच्या एका आकड्याने संपूर्ण अर्थव्यवस्थेचे चित्र बदलले होते.

सार्वजनिक वस्तूचा पेच

दुरुस्त झालेला लेख ही सार्वजनिक वस्तू होय. तिचा लाभ एकाने घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. चूक निदर्शनास आणण्याचे श्रम मात्र एकाच वाचकाला करावे लागतात. चूक ओळखणाऱ्या जाणकाराला स्वतःला दुरुस्तीची गरज नसते. ज्याला गरज असते त्या नवशिक्याला चूक ओळखता येत नाही. ‘दुसरा कोणीतरी कळवील’ असे प्रत्येकाने मानले, तर कोणीच कळवत नाही. सार्वजनिक वस्तूंचा पुरवठा अपुरा का राहतो, याचे हे सुबोध उदाहरण आहे.

तीन संस्थात्मक उपाय

पहिला उपाय म्हणजे नोंदणीकृत शुद्धिपत्र. इंटरनेटची तांत्रिक मानके १९६९ पासून सुरू झालेल्या ‘आरएफसी’ या दस्तऐवजमालेत प्रसिद्ध होतात. एकदा प्रसिद्ध झालेला दस्तऐवज बदलला जात नाही. कोणताही वाचक त्यातील चूक कळवू शकतो. ती तांत्रिक आहे की संपादकीय, हे नोंदवले जाते आणि छाननीनंतर ती मान्य होते, फेटाळली जाते किंवा पुढील सुधारणेसाठी राखून ठेवली जाते. मानकांत ‘आवश्यक’, ‘शिफारस केलेले’ यांसारखे शब्द कोणत्या अर्थाने वापरावेत, हे ठरवणाऱ्या १९९७ च्या २११९ क्रमांकाच्या दस्तऐवजातील नमुना वाक्यात ‘शिफारस नसलेले’ हा शब्दप्रयोग राहून गेला होता. शुद्धिपत्रात त्याची नोंद झाली आणि २०१७ च्या ८१७४ क्रमांकाच्या दस्तऐवजातील सुधारित वाक्यात तो समाविष्ट झाला.

दुसरा उपाय प्रोत्साहनाचा. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ आपल्या ग्रंथांतील चूक प्रथम दाखवणाऱ्यास २.५६ डॉलरचे बक्षीस देत आले. २५६ ही संख्या सोळा-आधारी पद्धतीत १०० अशी लिहिली जाते, म्हणून ही रक्कम. अनेकांनी हे धनादेश न वटवता जपून ठेवले. बँक खात्याच्या गैरवापराच्या धोक्यामुळे २००८ पासून धनादेशाऐवजी प्रतीकात्मक प्रमाणपत्र दिले जाऊ लागले, तरीही प्रथेचा मान कायम राहिला. रकमेपेक्षा श्रेयाचे मोल अधिक असू शकते, हे यातून दिसते.

तिसरा उपाय खुल्या संपादनाचा. विकिपीडियात वाचक स्वतःच दुरुस्ती करतो आणि प्रत्येक बदल इतिहासात नोंदला जातो. मराठी विकिपीडिया २००३ पासून याच तत्त्वावर चालतो. येथे कळवण्याचा खर्च कमी असतो. परंतु चुकीची ‘दुरुस्ती’ होण्याची शक्यताही असते, म्हणून देखरेख आवश्यक ठरते.

परीक्षार्थींच्या दृष्टीने

स्पर्धा परीक्षांच्या तात्पुरत्या उत्तरतालिकेवर हरकत नोंदवण्याची पद्धत ही याच व्यवस्थेची एक शाखा आहे. काही परीक्षांत प्रत्येक हरकतीसाठी शुल्क आकारले जाते. त्यामुळे निराधार हरकतींना आळा बसतो. मात्र अल्प उत्पन्न गटातील उमेदवाराची रास्त हरकतही त्यामुळे मागे राहू शकते. कार्यक्षमता आणि समन्याय यांतील हा तणाव उत्तरलेखनात आवर्जून मांडण्याजोगा आहे. हरकत योग्य ठरल्यास शुल्क परत करणे, हा त्यावरील एक मार्ग होय.

चूक कळवताना नेमके स्थान, मूळ मजकूर, सुचवलेली दुरुस्ती आणि अधिकृत पुरावा या चार बाबी द्याव्यात. त्यामुळे संपादकाचा पडताळणीचा खर्च कमी होतो आणि दुरुस्तीची शक्यता वाढते.

सारांश

ज्ञानाची विश्वासार्हता चुका न होण्यावर जितकी अवलंबून असते, तितकीच त्या सापडल्यानंतर काय घडते यावरही असते. कळवण्याचा सोपा मार्ग, निःपक्ष छाननी, दुरुस्तीची उघड नोंद आणि कळवणाऱ्याला श्रेय ही तिची चार अंगे आहेत. गुपचूप केलेली दुरुस्ती मजकूर सुधारते. परंतु जुन्या मजकुरावर विसंबून राहिलेल्या वाचकाला ती सावध करत नाही.