मातीचा नरनाळा आणि जपानचं बेट

दिवाळीत आपल्या पोट्ट्यांनी शाळेमागं मातीचा नरनाळा केला. बुरूज झाले, सक्कर तलाव झाला; पण महाकाली दरवाजा कसा करावा? कोणी पाहिलाच नव्हता! मग आपण अकोटवरून शहानूरला गेलो, नाक्यावर नावं लिहिली अन् गड चढलो. १४८७ सालचा तो दरवाजा, त्यावरची कोरीव कमळं पाहून सारे गप्प झाले.

असंच जपानात झालं. जपान आणि कोरिया यांच्यामध्ये त्सुशिमा नावाचं बेट आहे. १२७४ साली तिथं मंगोल सैन्य उतरलं होतं. त्या लढाईवर अमेरिकेतल्या एका कंपनीने २०२० साली 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा व्हिडिओ गेम काढला. बेटाचं नावही न ऐकलेले लोक घरबसल्या तिथं घोडा फिरवू लागले. त्याच वर्षी वादळाने तिथल्या वातात्सुमी देवळाची एक कमान पडली. दुरुस्तीला ५० लाख येन हवे होते. गेम खेळणाऱ्यांनीही हात लावला अन् २ कोटी ७० लाखांवर जमले! २०२१ साली गेम करणाऱ्या दोघांना तिथल्या नगरपालिकेने पर्यटनदूत नेमलं.

गेमचा नकाशा घेऊन गेलं तर मात्र वाट चुकेल, कारण ते बेट मनाने रचलेलं आहे. आपलाही तलाव उलट्या बाजूला निघाला. आल्यावर पोरांनी बुजवून दुसरीकडे खणला.

आता पाळी गाविलगडाची. चिखलदऱ्याला कोणाचे मामा असतील तर वर्गात सांगा. यंदा आधी पाहू, मग माती कालवू.